सिस्टर, फादर किंवा ब्रदर व्हावंसं वाटतंय? मग पुढे काय करायचं

व्रतस्थ जीवनाचा, म्हणजे लग्न न करता कॅथलिक चर्चच्या सेवेत आयुष्य घालवण्याचा, विचार मनात आला की तरुण मंडळी साधारण दोन टोकांना जातात. काही जण देवाकडून स्पष्ट खूण मिळेल म्हणून वर्षानुवर्षं थांबतात. नोकरी लागते, घरात स्थळांची चर्चा सुरू होते, तरी विचार तिथेच असतो आणि त्याबद्दल कोणाशी अवाक्षर काढलेलं नसतं. दुसरे असे की युवकांच्या रिट्रीटहून (प्रार्थना-शिबिरातून) रविवारी संध्याकाळी घरी येतात आणि रात्रीच्या जेवणावर जाहीर करून टाकतात, ‘मी सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या विद्यालयात) जाणार.’ पंधरा दिवसांनी उत्साह ओसरतो, आणि मग घरच्यांचे टोमणे कितीतरी वर्षं पुरतात.

माझं सरळ मत आहे की पाचारण, म्हणजे देवाची हाक, घरी बसून कळत नाही, आणि एका रात्रीतही कळत नाही. ते चालता चालता तपासलं जातं, तेही दोन्ही बाजूंनी. तुम्ही सिस्टर-फादरांच्या संस्थेला पारखता आणि संस्था तुम्हाला पारखते. पहिल्या दिवशी आयुष्यभराची खात्री कोणीच मागत नाही. पुढचं एक पाऊल टाकण्यापुरती खात्री असली की पुरे. चर्चने या वाटेवर एवढे टप्पे ठेवलेत तेही याचसाठी, की प्रत्येक ठिकाणी थांबून ‘नाही’ म्हणता यावं.

वसई, मुंबई, अहिल्यानगर, नाशिक, सिंधुदुर्ग किंवा गोवा, कुठल्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असा विचार करणाऱ्या आणि नेमकी सुरुवात कुठून करायची हे न कळणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

आधी कारणं टेबलावर मांडा

एक वही घ्या आणि प्रामाणिकपणे लिहा: मला का जायचंय? कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे चांगलं दिसेल असं लिहू नका.

कारणं नेहमी मिसळलेली असतात. ‘येशूची सेवा करायची आहे’ याच्या शेजारी ‘लग्नाच्या बाजारात उभं राहायचं नाही’ हेही निघेल. ‘आदिवासी पाड्यावर शिकवायचंय’ याच्या खाली ‘सिस्टर झाले तर शिक्षणाचा खर्च सुटेल’ असेल. मोडलेलं प्रेम असेल, घरातली दारू असेल, सिस्टरांना गावात मिळणारा मान असेल. यातलं काही सापडलं म्हणून पाचारण खोटं ठरत नाही. मात्र ही कारणं बाजूला काढल्यावर मागे काही उरतं का, ते बघायचं. संसाराची भीती हे एकच कारण उरलं, तर ती भीती कॉन्व्हेंटमध्येही बरोबर येईल. तिथेही माणसंच राहतात, आणि त्यांच्याबरोबर रोज दोन वेळा जेवायला बसावं लागतं.

आपल्याकडे हमखास सापडणारं आणखी एक कारण म्हणजे नवस. ‘हा जन्मला तेव्हा मी वांद्र्याच्या मोत माउलीला बोलले होते, एक मुलगा देवाला देईन.’ अशी आई असेल तर तिच्या श्रद्धेचा मान राखा, पण चर्चचा कायदा इथे अगदी स्वच्छ आहे: व्रत ज्याने बोललं त्यालाच ते बांधतं. आईचा नवस मुलावर बंधनकारक नाही. उलट दबावाखाली, भीतीने किंवा फसवून कोणाला नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, घेतलं, तर तो प्रवेशच ग्राह्य धरला जात नाही.

कोणतं जीवन, हेही ठरवायचं असतं

‘फादर व्हायचंय’ एवढं म्हणून भागत नाही. तुमच्या चर्चमधले फादर बहुधा धर्मप्रांताचे (एका बिशपांच्या हद्दीतले) असतात. ते बिशपना आज्ञापालनाचं आणि अविवाहित राहण्याचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, त्यांच्या नावावर मालमत्ता असू शकते, आणि ते सहसा आयुष्यभर त्याच धर्मप्रांतात काम करतात. त्यांचं शिक्षण गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत, गोव्यात राशोलला किंवा पुण्याच्या पेपल सेमिनरीसारख्या ठिकाणी होतं. पुण्याची ही सेमिनरी मुळात श्रीलंकेतल्या कँडीला होती, 1955 मध्ये ती इकडे आली.

येशूसंघाचे (जेझुइट), सालेशियन किंवा फ्रान्सिस्कन फादर हे संघाचे असतात. ते दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घेतात, समूहात राहतात, आणि आज मुंबईत असले तरी उद्या त्यांना झारखंडला किंवा आफ्रिकेत पाठवलं जाऊ शकतं. गोव्यातली पिलारची संस्था, जिचे फादर वांद्र्याच्या आग्नेल आश्रमात आहेत, ती या दोन्हींच्या मधली. सामूहिक जीवन आणि मिशनकार्य आहे, पण कायद्याच्या भाषेत ती ‘प्रेषितीय जीवनाची संस्था’ आहे, धर्मसंघ नाही. फरक बारीक वाटतो, पण मालमत्ता, व्रतं आणि बदल्या यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणून विचारून घ्यावं.

ब्रदरांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे त्यांना उगाच ‘फादर न झालेले’ समजतात. ब्रदर होणं हे स्वतंत्र पाचारण आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ब्रदरच होते.

सिस्टरांचं जग याहून मोठं आहे. शाळा चालवणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या, तुरुंगात किंवा वेश्यावस्तीत जाणाऱ्या, आणि जवळजवळ आयुष्यभर मठाच्या चार भिंतींत प्रार्थना करणाऱ्या कार्मेलाईट. मठातल्या जीवनाची ओढ असेल तर मोठी तयारी ठेवा. 2018 मध्ये रोमने घातलेल्या नियमांनुसार तिथे कायमच्या व्रतांपर्यंत पोचायला किमान 9 वर्षं लागतात.

एखादी संस्था आवडली तर तिचं काम आताच थोडंफार करून बघा. जिला वृद्धाश्रमाच्या सिस्टरांचं आकर्षण आहे तिने महिन्यातले दोन शनिवार तिथे जाऊन आजीबाईंची अंथरुणं बदलावीत. या कामाचा कंटाळा येईल, आणि यायलाच हवा. कंटाळा आल्यावरही पुढच्या शनिवारी जावंसं वाटतं का, हे नोंदवून ठेवा.

घरी सुरू करायचा रोजचा सराव

मोठ्या उपासांची गरज नाही. सकाळी वीस मिनिटं शांत बसून त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचा. रविवारच्या मिस्साखेरीज आठवड्यात आणखी एक मिस्सा, महिन्यातून एकदा पापनिवेदन, आणि रात्री झोपताना पाच मिनिटं दिवसाकडे मागे वळून पाहणं: कुठे मन हलकं झालं, कुठे जड झालं. एवढं सहा महिने सलग जमलं तर पुष्कळ झालं. जे घरी, स्वतःच्या मर्जीने जमत नाही, ते कॉन्व्हेंटच्या घंटेवर आपोआप जमेल असं समजू नका.

मनातल्या हालचाली कशा वाचायच्या हे सगळ्यात नेमकं सांगितलं ते येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी पडून असताना ते दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचे. एक शौर्याचं आणि एका उमरावकन्येचं, दुसरं संतांसारखं जगण्याचं. दोन्हींत रमताना मजा यायची. पण पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपल्यावरही समाधान टिकायचं. त्यांची सगळी पद्धत या निरीक्षणातून उभी राहिली. म्हणून वहीत ‘आज रिट्रीटमध्ये रडू आलं’ एवढंच लिहू नका. तीन दिवसांनी, बुधवारी ऑफिसच्या लोकलमध्ये उभं असताना त्या विचाराने काय वाटलं, तेही लिहा.

त्यांच्या आणखी दोन गोष्टी व्यवहारात फार उपयोगी पडतात. मन उदास, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. परीक्षेत नापास झाल्याच्या आठवड्यात सेमिनरीचा अर्ज भरू नये आणि फाडूही नये. दुसरी गोष्ट, निर्णय अडला की कल्पना करायची: पूर्णपणे अनोळखी, अगदी माझ्यासारखाच एक माणूस हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला, तर मी त्याला काय सल्ला देईन? गंमत म्हणजे त्या अनोळखी माणसाला आपण फार शहाणा सल्ला देतो.

सोबतीला कोणीतरी हवंच

एकट्याने पारख करू नका. आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून असं माणूस निवडा ज्याला तुमच्या ‘हो’मधून काही मिळणार नाही. तुम्हाला ज्या संस्थेत जायचंय, तिच्याच व्होकेशन प्रमोटरला (नवी मुलंमुली शोधणाऱ्या व्यक्तीला) एकमेव मार्गदर्शक करू नका. ती व्यक्ती कितीही सालस असो, तिच्याकडे यंदा किती मुली आल्या हे वरचे विचारतात. शेजारच्या धर्मग्रामातले एखादे जाणते फादर, दुसऱ्या संघाच्या वयस्क सिस्टर, किंवा प्रशिक्षण घेतलेली प्रापंचिक व्यक्तीही चालते. महिन्यातून एकदा तासभर भेट पुरते. दोनतीन भेटींनंतर सूर जुळत नाही असं वाटलं तर मार्गदर्शक बदला, त्यात अपमान नाही.

आणि त्यांना खरं सांगा. प्रेमसंबंध, व्यसन, आधी कधी घेतलेले मानसोपचार, लहानपणी झालेला अत्याचार: या गोष्टी लपवून आत गेलेली माणसं पुढे फार त्रासात सापडतात. या गोष्टी असल्या म्हणून दार बंदच होतं असं नाही. कधीकधी आधी उपचार आणि नंतर प्रवेश, हाच योग्य क्रम असतो.

पहिला संपर्क

इथे बरेच जण अडतात, म्हणून मजकूरच देतो. साधा व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा ईमेल चालतो:

‘नमस्कार सिस्टर. मी वसई धर्मप्रांतातली. वय 23, बी.कॉम. झालं आहे, सध्या नोकरी करते. गेलं वर्षभर व्रतस्थ जीवनाचा विचार करते आहे. अजून काहीही ठरलेलं नाही. तुमच्या संस्थेचं काम आणि दिनक्रम जवळून पाहायची इच्छा आहे. भेटायला कधी येऊ शकते?’

‘अजून काहीही ठरलेलं नाही’ हे वाक्य गाळू नका. ते तुमच्यासाठीही आहे आणि त्यांच्यासाठीही. ‘कम अँड सी’ला, म्हणजे संस्था बघायला, जाणं म्हणजे मुलगी बघायला जाण्यासारखं आहे; पोहे खाल्ले म्हणजे साखरपुडा झाला, असं होत नाही. दोन किंवा तीन वेगवेगळ्या संस्था बघा. दहा बघू नका, डोकं फिरतं.

संस्था खरी आहे ना, याची खातरजमा तुमच्या धर्मप्रांताच्या कार्यालयात करा. ती कोणत्या बिशपांच्या किंवा रोमच्या मान्यतेने चालते, हे तिथे सांगतात. यूट्यूबवर सुंदर झगे आणि मेणबत्त्या दिसल्या म्हणून ती मान्यताप्राप्त संस्था असेलच असं नाही.

भेटीला गेल्यावर काय बघायचं

चॅपल सगळीकडेच स्वच्छ असतं. तुम्ही स्वयंपाकघर बघा. नाश्त्याच्या वेळी सिस्टर एकमेकींशी बोलतात की ताटाकडे बघून खातात? सुपीरियर (घरच्या प्रमुख सिस्टर) खोलीत आल्या की आवाज खाली जातो का? कामाला येणाऱ्या मावशींशी कशा बोलतात? रात्री साडेआठला टीव्हीचा रिमोट कोणाकडे असतो, आणि त्यावरून होणारी कुरबुर हसण्यावारी जाते की नाही? सामूहिक जीवनाची खरी तब्येत असल्या ठिकाणी कळते.

मग आजारी आणि म्हाताऱ्या सिस्टरांच्या खोल्या बघायला मागा. माझ्या मते एवढी एक गोष्ट बघितली तरी अर्धं उत्तर मिळतं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या सिस्टरांच्या चादरी धुतलेल्या आहेत का, कोणी त्यांच्याशी गप्पा मारायला येतं का, त्या स्वतः चिडचिड्या झाल्यात की अजून विनोद करतात? तुमचा शेवटही तिथेच व्हायचा आहे. त्या आजींच्या शेजारी बसून विचारा, ‘सिस्टर, परत आयुष्य मिळालं तर याच संस्थेत याल का?’ त्या उत्तर द्यायला किती वेळ घेतात तेही ऐका.

विचारायचे आणखी प्रश्न: गेल्या पाच वर्षांत किती जणी आल्या, किती जणी परत गेल्या आणि कशामुळे? फोन कधी वापरता येतो? घरी किती वेळा जाता येतं, आईवडील आजारी पडले तर? पुढचं शिक्षण कोण ठरवतं? मला नर्सिंग आवडतं आणि संस्थेला शिक्षिका हव्यात, असं झालं तर? अशा प्रश्नांचा राग येत असेल, तर त्या रागाचीही नोंद घ्या.

व्रतांबद्दल तरुणांचं लक्ष बहुधा ब्रह्मचर्यावर खिळलेलं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणींना कस लागतो तो आज्ञापालनाचा. मे महिन्यात बदलीचं पत्र येतं. ज्या पाड्यावर तुम्ही शाळा उभी केली, मुलांची नावं पाठ झाली, ती सोडून जूनपासून शहरातल्या हॉस्टेलची वॉर्डन. बॅग भरायची आणि निघायचं. ब्रह्मचर्याची परीक्षाही विशीत संपत नाही. ती पंचेचाळिशीत येते, जेव्हा बहिणीची मुलगी लग्नाला येते आणि आपल्या खोलीत आपली वाट बघणारं कोणी नसतं. यावर पन्नाशीतल्या सिस्टरांशी मोकळेपणाने बोला. चांगल्या सिस्टर हसून खरं सांगतात.

घरी कसं सांगायचं

रिट्रीटहून आल्या आल्या नको, आणि सणाच्या दिवशी तर नकोच. आधी आई किंवा वडील, ज्यांच्याशी मोकळं बोलता येतं त्यांच्याशी. सुरुवात ‘मी जाणार आहे’ अशी करू नका. ‘मी विचार करते आहे, एकदोन ठिकाणं बघून येणार आहे’ असं सांगा, कारण खरंही तेच आहे.

आता घरं लहान झालीत. वसईत आमच्या आजोबांच्या पिढीत सहासात भावंडांतून एक सेमिनरीत गेला तर घरात पोकळी जाणवायची नाही. आज घरात एक किंवा दोन मुलं.

‘तू एकुलती एक. पप्पांना शुगर आहे. उद्या आम्हाला बघणार कोण?’

‘मी अजून कुठे चालले आहे, आई? नुसती बघून येते.’

‘बघायला गेलेल्या परत येत नाहीत.’

हा संवाद प्रार्थनेने मोडून काढू नका. आईचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला व्यवहारी उत्तर लागतं: पप्पांचा आरोग्य विमा, घराचं कर्ज, जवळ राहणारा मामेभाऊ, संस्थेचा आजारी पालकांबद्दलचा नियम. आईवडील खरोखरच तुमच्यावर अवलंबून असतील आणि दुसरी कुठलीही सोय नसेल, तर काही वर्षं थांबावं लागेल, आणि शहाण्या संस्था हे स्वतःहून सांगतात. नुसता विरोध असेल तर त्यांना एकदा बरोबर घेऊन जा. कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात बसून सिस्टरांच्या हातचा चहा प्यायल्यावर बऱ्याच आयांचं मत थोडं मऊ होतं. थोडंच, पण होतं.

कागदपत्रं, कर्ज आणि जमीन

बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, मार्कशीट, आधार, वैद्यकीय तपासणी. बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून काढावा लागतो, घरातली जुनी प्रत चालत नाही. कारण त्या रजिस्टरमध्ये नावापुढे तुमची सगळी वाटचाल नोंदली जाते: दृढीकरण, लग्न झालं असेल तर लग्न, गुरुदीक्षा. पुढे कायमची व्रतं घेतलीत तर तीही नोंद कुठल्या कुठे, लहानपणीच्या चर्चच्या त्याच पानावर केली जाते.

बऱ्याच संस्था मानसशास्त्रीय चाचणी घेतात. घाबरू नका, पण ती तुमच्या संमतीनेच व्हायला हवी, आणि अहवाल कोण वाचणार हे आधी विचारा.

नॉव्हिशिएटसाठी वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. लग्न झालेलं असेल आणि जोडीदार हयात असेल तर, ते लग्न चर्चने रद्दबातल ठरवलेलं नसल्यास, प्रवेश नाही. विधवा आणि विधुरांना मनाई नाही. वरच्या वयाची रेषा प्रत्येक संस्था आपली आपण ओढते, चर्चच्या कायद्यात ती नाही. दहावी झाल्या झाल्या मुलींना नेण्याची पद्धत मला पटत नाही. निदान पदवी आणि वर्षभर नोकरी करून, स्वतःच्या पगाराचा मोबाईल घेऊन मग तो सोडलेला बरा.

फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला नॉव्हिशिएटमध्ये घ्यायचं नाही, असा चर्चचा नियम आहे. शैक्षणिक कर्ज असेल तर आधी त्याची सोय लावा, किंवा संस्थेशी उघड बोला.

आता जमीन. यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मुलगी कॉन्व्हेंटला निघाली की एखादा भाऊ किंवा काका हक्कसोडपत्र पुढे करतो: ‘तुला आता वाडीचं काय करायचंय?’ सही करू नका. पहिल्या व्रतांआधी तुम्हाला फक्त मालमत्तेचा कारभार कोणाकडे सोपवायचा आणि उत्पन्न कोणी वापरायचं, हे ठरवावं लागतं, आणि तो माणूस तुम्ही निवडता. मालकी तुमचीच राहते. मृत्युपत्र कायमच्या व्रतांच्या आधी करायचं असतं, तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं. तोपर्यंत तुम्ही परत येऊ शकता, आणि परत आलात तर डोक्यावर छप्पर लागेल.

पुढे तुम्ही जे कमवाल ते मात्र संस्थेचं. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार संस्थेच्या खात्यात जातो. ‘पगार माझा नाहीच, मग कर कसला’ हा वाद देशात बरीच वर्षं चालला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पगारातून टीडीएस कापणं योग्य ठरवलं.

आत गेल्यावरचे टप्पे

नावं संस्थेगणिक थोडी बदलतात. आधी अस्पायरंट म्हणून काही महिने ते वर्ष: बरोबर राहायचं, शिकायचं. मग पोस्ट्युलंट, म्हणजे नॉव्हिशिएटची तयारी. मग नॉव्हिशिएट, सगळ्या वाटचालीचा गाभा. ते किमान 12 महिन्यांचं असतं, येशूसंघासारख्या संघांत 2 वर्षांचं. या काळात बाहेरचं शिक्षण नाही, नोकरी नाही. प्रार्थना, संस्थेची नियमावली, बागकाम, भांडी, आणि स्वतःशी गाठ. एकूण 3 महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलात तर नॉव्हिशिएट बाद होतं. या काळात तुम्ही केव्हाही निघू शकता, संस्थाही तुम्हाला परत पाठवू शकते.

त्यानंतर पहिली व्रतं, ठरावीक मुदतीची. एकूण 3 ते 6 वर्षं, गरज पडली तर 9 पर्यंत. मुदत संपली आणि पुढे जायचं नसेल तर नूतनीकरण करायचं नाही, एवढं साधं. निदान 3 वर्षं अशी काढल्यावर आणि वयाची 21 पूर्ण असल्यावरच कायमची व्रतं. ती सोडायची तर मात्र रोमची किंवा, धर्मप्रांतीय संस्था असेल तर, बिशपांची परवानगी लागते.

कायमच्या व्रतांनंतरही वाट वळू शकते. मदर तेरेसांनी 1937 मध्ये लोरेटो संस्थेत कायमची व्रतं घेतली होती. दार्जिलिंगच्या गाडीत दुसरी हाक आली ती 1946 मध्ये, आणि लोरेटोबाहेर राहून काम करायची परवानगी मिळायला आणखी दोन वर्षं गेली. तोपर्यंत त्या शाळेचं आणि आपलं नेमून दिलेलं काम करत राहिल्या.

कधी सावध व्हायचं

घाई. ‘याच जूनमध्ये ये, नाहीतर कृपा निघून जाईल.’ कृपेला प्रवेशाची शेवटची तारीख नसते.

घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी संबंध ताबडतोब तोडायला सांगणं. प्रवेशासाठी मोठी रक्कम मागणं. परदेशाचं आमिष दाखवणं. प्रमुखांवर टीका म्हणजे देवावर टीका, अशी भाषा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणाकडे पापनिवेदन करायचं हे वरिष्ठांनी ठरवणं, किंवा मनातलं सगळं आपल्यापुढे उघड करायला भाग पाडणं. चर्चचा कायदा वरिष्ठांना हे स्पष्टपणे मना करतो. असं काही घडलं, कोणी अंगचटीला आलं, तर ‘त्याग’ म्हणून सोसू नका. घरी, मार्गदर्शकाला, धर्मप्रांताला आणि गरज पडली तर पोलिसांना कळवा.

‘नाही’ आलं तर

ते तुमच्याकडून येईल किंवा संस्थेकडून. गोन्सालो गार्सिया वसईच्या येशूसंघीयांकडे शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथे धर्मशिक्षक म्हणून राबले. त्यांना त्याच संघात जायचं होतं, पण प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात चांगला जम बसवला, आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला ते क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये संत म्हणून जाहीर झाले. एका संघाचं ‘नाही’ हे सगळ्या वाटांचं ‘नाही’ असेलच असं नाही. कधीकधी असतं, आणि तुम्ही छान संसार कराल.

परत येताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. मूळ प्रमाणपत्रं आणि मार्कशीट मागून घ्या. आत असताना शिकलात तर त्याचे कागद तुमच्याच नावाचे आहेत, तेही घ्या. संस्थेसाठी केलेल्या कामाचा मोबदला कायद्याने मागता येत नाही. पण निघणाऱ्या व्यक्तीशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागणं हे संस्थेचं कर्तव्य आहे, असं तोच कायदा सांगतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांचा खर्च, राहण्याची सोय, नोकरीसाठी शिफारसपत्र हे संकोच न करता विचारा. प्रवेशाच्या आधीच, पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत, ‘तुमच्याकडून निघालेल्यांना तुम्ही काय मदत करता?’ असं विचारून ठेवलेलं असेल तर उत्तमच. गावात चारचौघं विचारतील, ‘काय झालं, काढलं का?’ त्यांना ‘पारख केली, माझी वाट नव्हती’ एवढं सांगून पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर मिस्साला जाऊन बसा.